निकालाच्या आठवड्यात इंदूर

काकांची, म्हणजे इंदूरच्या मावशीच्या यजमानांची, पंचाहत्तरी २ जूनला होती आणि लोकसभेची मतमोजणी ४ जूनला. कार्यक्रम उरकून परतायचं आणि निकाल घरी टीव्हीवर बघायचा, असं करता आलं असतं. पण या वेळचा निकाल इंदूरलाच बसून बघायचा, हे मी तिकीट काढतानाच ठरवलं होतं. २०२४ च्या निवडणुकीत इंदूरची चर्चा देशभर झाली, आणि ती झाली तिथं लढतच उरली नव्हती म्हणून.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी माघार घेतली आणि ते भाजपमध्ये गेले. दुसरा उमेदवार द्यायची मुदत केव्हाच संपली होती. भाजपचे खासदार शंकर लालवानी यांच्यासमोर बसपाचा एक उमेदवार, काही छोटे पक्ष आणि बरेचसे अपक्ष एवढेच उरले. काँग्रेसनं मग लोकांना नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबायला सांगितलं. प्रदेशाध्यक्ष जीतू पटवारी स्वतः इंदूरचेच, त्यामुळे त्यांना हा घाव जास्त लागला असणार. १३ मेला मतदान झालं.

मी राहते गोरेगावला, म्हणजे वायव्य मुंबई मतदारसंघात. आमचं मतदान २० मेला झालं. शिवसेनेचे दोन गट समोरासमोर, आणि घराघरांत वाद. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर महिनाभर दुसरा विषयच नव्हता. तिथून उठून इंदूरला गेले.

१ जून, शनिवार

अवंतिका एक्सप्रेसचा प्रवास रात्रीचा आहे. बोरिवलीला बसायचं आणि उज्जैनच्या आसपास उठायचं. रतलामला जाग आली तर फलाटावर शेव घ्या. लवंगी शेव मागा, घरी नेण्यासाठी तीच चांगली टिकते.

इंदूरच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळीच ऊन पाठीला लागत होतं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, अजून संपायचा होता. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, घ्यायला आला होता. घरी जायच्या आधी त्यानं स्कूटर पोह्यांच्या गाडीवर थांबवली, कारण इंदूरला पाहुणा आला की आधी पोहे, मग घर.

इथले पोहे खाल्ल्याशिवाय कळत नाहीत. खाली पाण्याचं पातेलं उकळत असतं, त्याच्या वाफेवर पोह्यांची परात. त्यामुळे दोन तास झाले तरी पोहे मऊ आणि गरम राहतात. कागदाच्या ताटलीत घालून वर बारीक शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि चिमूटभर जिरावण मसाला. सोबत जिलबी. जिरावणाची पुडी कुठल्याही नमकीनच्या दुकानात मिळते. मी दरवेळी आणते आणि मुंबईत काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर, पेरूवर घालते. गाड्यावरचे पोहे दहा-साडेदहाच्या आत खावेत, त्यानंतर मजा उतरत जाते.

पोहेवाला दादाच्या ओळखीचा. त्याच्याकडून मतदानाच्या दिवसाची हकीकत कळली. छप्पन दुकानच्या व्यापाऱ्यांनी सकाळी लवकर मतदान करून येणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट दिली होती. बोटावरची शाई दाखवायची आणि ताटली घ्यायची. त्याची स्वतःची गाडी छोटी, पण त्यानंही ओळखीच्या म्हाताऱ्यांना पैसे मागितले नाहीत. "मी तर मोदीजींना दिलं, भिया," तो म्हणाला. "खाली नाव कोणाचं आहे ते मी बघत नाही. शहर साफ आहे, धंदा चालू आहे." हे तो मनापासून बोलत होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे वेगळे डबे होते, आणि खाली पडलेली एक ताटली त्यानं बोलता बोलता उचलून डब्यात टाकली. सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आला तो असा आला, हे इंदूरला गेलं की पटतं.

लोकमान्य नगरात मावशीकडे पोचले. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर, कारण शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून एक्झिट पोल लागले होते. एकामागून एक चॅनेल एनडीएला साडेतीनशेच्या वर नेत होतं. काका खुशीत होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि १९८९ पासून लोकसभेला त्यांचं मत कमळाला. सुरुवात झाली ती सुमित्राताईंमुळे. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदूरला येते, महानगरपालिकेपासून सुरुवात करते आणि पहिल्याच लोकसभा निवडणुकीत माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवते, हे इथल्या मराठी घरांत आजही कौतुकानं सांगितलं जातं. १९८९ ते २०१४ त्या सलग आठ वेळा इथून निवडून आल्या, शेवटच्या खेपेला लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. इंदूरमध्ये 'ताई' म्हटलं की आडनाव लागत नाही.

"पण दर वेळी लढून निवडून आल्या," काका म्हणाले. "२००९ ला तर जीव टांगणीला लागला होता. साडेअकरा हजारांच्या आत वाचलो." तो फरक ११,४८० मतांचा होता. काकांना तो आकडा तोंडपाठ आहे.

बमांच्या माघारीवर ताईंनी त्या वेळी जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केलं होतं. काकांना त्याबद्दल विचारलं, तर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी कमळालाच दिलं. पण समोर कोणी नसताना दिलं, ते मला आवडलं नाही."

कोपऱ्यात बसलेला भाचा तेव्हा प्रथमच बोलला. त्याचं हे पहिलं मतदान, वय एकोणीस. "आजोबा, मी नोटाला दिलं." घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. मावशीनं चहाचे कप उचलता उचलता त्याच्याकडे पाहिलं. काका रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोणी सांगितलं म्हणून, का स्वतःच्या मनानं?" तो म्हणाला, "मनानं." विषय तिथंच थांबला, पण पुढचे सगळे दिवस तो घरात होता.

२ जून, रविवार

पंचाहत्तरीचा कार्यक्रम सकाळी झाला, औक्षण आणि गुरुजी वगैरे. जेवणात श्रीखंड-पुरीच्या शेजारी दाल-बाफले होते. इंदूरच्या मराठी पंगतीचं हे रूप मला फार आवडतं. बाफला आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवून वाढतात. त्याच्यावर आमटीसारखी डाळ. एक खाल्ला की दुपार गेली.

जेवणानंतर काकांच्या बरोबरीचे चार-पाच जण ओसरीवर कूलरसमोर बसले. त्यांतले एक गृहस्थ कापड गिरणीत कामाला होते. त्यांचे वडीलही गिरणीतच. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, हे सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. त्यांच्या बरोबरीचे किती जण ते पैसे बघायला राहिलेच नाहीत, एवढंच म्हणाले.

त्यांच्याकडून होमी दाजींची गोष्ट पुन्हा ऐकली. पारशी माणूस, कम्युनिस्ट, गिरणी कामगारांचा पुढारी. १९६२ ला इंदूरनं त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. या गृहस्थांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी रात्र रात्र भिंती रंगवल्या होत्या. "इंदूर एकाच रंगाचं होतं असं समजू नका, बेटा," ते मला म्हणाले. "इथं काँग्रेस होती, लाल बावटा होता, जनसंघ होता. एकाच घरात तीन भावांचे तीन झेंडे मी पाहिलेत." या वेळी त्यांनी मतदान केलं का, ते मी विचारलं नाही. त्यांनीच तर्जनी पुढे केली. शाई नखाच्या मुळाशी अजून होती, नख वाढेल तशी वर सरकत चाललेली.

रात्री सराफ्यात. दिवसा तिथं सोन्या-चांदीची दुकानं असतात. ती बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. नऊच्या आधी जाऊन उपयोग नाही, दहानंतर खरा रंग चढतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत टिकतो. गाडी लांब लावा आणि राजवाड्यापासून चालत जा. रात्रीचं जेवण घरी करून जाऊ नका. भुट्ट्याचा कीस घ्या: कोवळी कणसं किसून दुधात शिजवलेली, वर नारळ-कोथिंबीर. जोशींच्या दुकानातला दहीवडा तर प्रसिद्धच आहे, द्रोण हवेत उडवून झेलतात तो. साबुदाण्याची खिचडीही घ्या, पण आपली उपासाची डोळ्यांसमोर ठेवू नका. इथं त्यात फराळी चिवडा, शेव आणि लिंबू कालवून देतात. शिकंजी मागितली तर लिंबाचं सरबत येणार नाही, सुकामेवा घातलेलं दाट गोड दूध येईल. गरडू, म्हणजे तळलेला कंद, मात्र थंडीतच मिळतो.

दिवसभर तापलेलं शहर रात्री अकरानंतर एकदम निवतं. माळव्याच्या रात्रींचं जे कौतुक करतात ते खरं आहे. मुंबईच्या घामट रात्रीतून गेलेल्या माणसाला तर ते जास्तच जाणवतं.

३ जून, सोमवार

लालबाग पॅलेस सोमवारी बंद असतो, बेत करताना लक्षात ठेवा. मी राजवाड्याला गेले. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. ३१ मेला त्यांची जयंती झाली होती, हारांतली शेवंती वाळली होती तरी हार अजून गळ्यात होते. पुढे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपर्यंत, चालत जाता येतं, पण जूनमध्ये सकाळी नऊच्या आतच. नंतर दगड इतके तापतात की अनवाणी पाय ठेववत नाही.

परतताना नेहरू स्टेडियमवरून आलो. उद्याची मतमोजणी तिथं होती, बॅरिकेड लागले होते, मंडपाचे बांबू उतरवले जात होते. दादा म्हणाला, "निकाल माहीत आहे, तरी तयारी तेवढीच." ते मला बरोबर वाटलं. मोजायचं तर सगळं मोजायला हवं.

दुपारी वहिनीजवळ बसले. ती सरकारी शाळेत शिक्षिका आहे आणि १३ मेला तिची मतदान केंद्रावर ड्यूटी होती. तिनं जे सांगितलं ते या प्रवासात माझ्या मनात सर्वात खोल रुतलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, तपासून सह्या करायच्या, बसनं केंद्रावर जायचं आणि रात्री शाळेच्या वर्गातच झोपायचं. पहाटे मॉक पोल. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी किमान पन्नास मतं टाकून बघतात, सगळ्या उमेदवारांची बटणं आणि नोटाचंही. मग ती मतं पुसून मशीनला सील. हे सगळं उमेदवारांच्या एजंटांसमोर करायचं असतं. "एरवी एजंटांची खुर्च्यांवरून भांडणं होतात," वहिनी म्हणाली. "कोण पुढे बसणार, यादी कोण वाचणार. या वेळी माझ्या बूथवर एकच जण आला. बाकीच्या खुर्च्या मी भिंतीला लावून ठेवल्या."

मशीनवर चौदा नावं आणि पंधरावं बटण नोटाचं. एका बॅलट युनिटवर सोळा जागा असतात, त्यामुळे एकाच युनिटवर भागलं.

दहाच्या सुमाराला एक आजी आल्या. वहिनी मतदान अधिकारी क्रमांक दोन होती: रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घ्यायचा, बोटाला शाई लावायची, चिठ्ठी द्यायची. आजींनी अंगठा दिला, आत गेल्या. बराच वेळ झाला तरी बीप वाजेना. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागून आवाज आला, "बेटा, पंजा कहाँ है?"

खोलीत कोणी काही बोललं नाही. मतदान अधिकाऱ्यानं काहीही सांगणं नियमात बसत नाही, आत जाऊन बोट दाखवणं तर नाहीच. केंद्राध्यक्ष एवढंच म्हणाले, "माँजी, मशीन पर जो नाम हैं वही हैं। आराम से देख लो." आजींनी परत विचारलं, "पंजा नहीं है?" पुन्हा शांतता. बाहेर रांग वाढत होती. मग बराच वेळानं बीप वाजली.

"कशावर वाजली?" मी विचारलं.

"मला माहीत नाही, आणि मला माहीत नसणंच योग्य आहे," वहिनी म्हणाली. "पण बाहेर येताना त्या माझ्याजवळ थांबल्या. मला म्हणाल्या, तुम लोगों ने हटा दिया क्या? मी शाई लावणारी. मी काय उत्तर देणार?"

मी पंचवीस-तीस वर्षं मतदान करते आहे. एवढ्या वर्षांत मशीनवर मला हवं असलेलं चिन्हच नाही, असं एकदाही झालेलं नाही. त्या आजी आयुष्यभर कोणाला मत देत होत्या त्याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांनी उन्हात येऊन रांगेत उभं राहायचं, अंगठा द्यायचा, आणि आत गेल्यावर त्यांचं चिन्ह गायब असायचं, तेही त्यांना कोणी धड समजावून न सांगता, हे चूक आहे. माघार घेणं कायद्यात बसतं. पण मतदाराचा काही हक्क त्यात विचारात घेतला जात नाही, याची मला चीड आली आणि अजून येते आहे.

संध्याकाळी भाच्यानं मला गाठलं. "आत्या, समजा नोटालाच सगळ्यात जास्त मतं पडली असती तर?" तर काहीही झालं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं नोटाचं बटण आलं, त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मध्य प्रदेशानं ते वापरलंही. पण लोकसभेत नोटा पहिला आला तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच विजयी. मी त्याला आपल्या महाराष्ट्राची गोष्ट सांगितली: राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. त्यानं ते फोनवर शोधून वाचलं आणि आजोबांना नेऊन दाखवलं.

४ जून, मंगळवार

सकाळी सातलाच कचऱ्याच्या गाडीचं गाणं आणि पाठोपाठ टीव्हीचा आवाज. आठ वाजता टपाली मतं उघडली. काकांनी वहीत पट्टीनं रेघा मारून दोन रकाने केले होते: मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र. दुसरा रकाना माझ्यासाठी.

मध्य प्रदेशचा रकाना लवकर भरला. भाजपनं २९ पैकी २९ जागा घेतल्या. २०१९ ला एकटं छिंदवाडा सुटलं होतं, या वेळी तिथं काँग्रेसचे नकुल नाथही हरले. विदिशात शिवराजसिंह चौहान ८,२१,४०८ मतांनी, गुन्यात ज्योतिरादित्य शिंदे ५,४०,९२९ मतांनी. चंबळ भागात मात्र लढत दिसली, मोरेन्यात फरक ५२,५३० चा होता आणि ग्वाल्हेरला ७०,२१० चा.

इंदूरचा आकडा फेरीगणिक फुगत गेला. पाच लाख, सात लाख. "बीड गेलं," काका म्हणाले. २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी जिंकल्या होत्या, तो तोवरचा विक्रम. आणि गंमत बघा, त्याच बीडला त्याच दिवशी पंकजा मुंडे साडेसहा हजारांनी हरल्या. काकांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

शेवटी शंकर लालवानी १२,२६,७५१ मतं. दुसऱ्या क्रमांकावर नोटा, २,१८,६७४ मतं. बसपाचे उमेदवार ५१,६५९. विजयाचा फरक ११,७५,०९२. उरलेल्या तेराही जणांची अनामत गेली. नोटाचा आधीचा विक्रम बिहारच्या गोपालगंजचा होता, २०१९ मध्ये ५१,६६०. इंदूरनं तो चौपटीनं मोडला. मतदान साधारण ६२ टक्के होतं, २०१९ च्या ६९ वरून खाली आलेलं, म्हणजे बरेच जण घरीच बसले असणार. पण दोन लाख अठरा हजार माणसं उन्हात गेली, रांगेत उभी राहिली, ज्या बटणानं कोणी निवडून येत नाही ते दाबून घरी आली. मतदान केलेल्यांपैकी साधारण शंभरातले चौदा. मला या लोकांचा फार आदर वाटतो. आणि त्यांच्या साडेपाचपटीहून जास्त लोकांनी विचारपूर्वक कमळ दाबलं, त्यांचाही. पोहेवाल्याचं मत त्यात आहे, काकांचं आहे. लढत झाली असती तरी ते तिथंच पडलं असतं, आणि मग त्या विजयाकडे कोणाला बोट दाखवता आलं नसतं. पंधरा वर्षांपूर्वी जिथं अकरा हजारांनी जागा वाचली, तिथंच हा फरक अकरा लाखांच्या वर गेला. काकांनी वही बंद करून पुन्हा उघडली.

बाहेर ढोल वाजत होते, घरात मात्र आवाज कमी होत गेला. देशाचे आकडे एक्झिट पोलसारखे येत नव्हते. भाजप २४० वर थांबला, बहुमताच्या २७२ पासून दूर, एनडीए २९३. महाराष्ट्राचा रकाना भरताना काका प्रत्येक जागेला मला विचारत होते, "हे कसं झालं?" महाविकास आघाडी ३०, महायुती १७, सांगलीत अपक्ष विशाल पाटील. शेजारच्या दोन राज्यांचे निकाल एका वहीत एवढे वेगळे. भाचा म्हणाला, "तुमच्याकडे निवडणूक झाली, आत्या."

आमच्या मतदारसंघाचं काय झालं ते संध्याकाळपर्यंत कळेना. मोजणी गोरेगावच्या नेस्कोत, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. आधी अमोल कीर्तिकर पुढे, मग टपाली मतांची फेरमोजणी, मग रवींद्र वायकर. रात्री घरून फोन आला: वायकर ४,५२,६४४, कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८.

मी तो आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा मावशी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "अठ्ठेचाळीस हजार?" नाही गं मावशी, अठ्ठेचाळीस. आमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये त्याहून जास्त मतदार आहेत, आणि २० मेला सुट्टी बघून लोणावळ्याला गेलेली घरं मला नावानिशी माहीत आहेत. काकांनी वहीत ११,७५,०९२ च्या शेजारी ४८ लिहिलं आणि दोन्हींभोवती चौकोन काढला.

५ जून, बुधवार

परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून सकाळी महूला गेलो. इंदूरपासून तासाभराचा रस्ता. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब इथं जन्मले, वडील तिथल्या लष्करी छावणीत होते. जन्मस्थळी आता पांढरं संगमरवरी स्मारक आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात, जूनमध्ये मोजे घालून जा, अंगण भाजतं. भुसावळहून एक कुटुंब आलं होतं. त्यांची सुनबाई लेकीला एकेक चित्र दाखवून नाव सांगत होती. एप्रिलमध्ये जयंतीला इथं पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा यायचं तर राहायची सोय इंदूरला आधी करून ठेवा. पाताळपाणीचा धबधबा जवळ आहे, पण पावसाआधी तिथं नुसता खडक.

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीला बाबासाहेब मुंबईतून उभे होते आणि नारायण काजरोळकरांकडून हरले. ज्या माणसानं प्रत्येकाला एक मत मिळवून दिलं, तो त्याच मतानं हरला, तरी त्याचं नाव मतपत्रिकेवर होतं आणि ज्यांना ते हवं होतं त्यांना त्यावर मत देता आलं. मी भाच्याला हे सांगितलं. त्यानं मला उलट एक आकडा दिला. महू इंदूर जिल्ह्यात असलं तरी लोकसभेला धारमध्ये येतं. तिथं भाजपच्या सावित्री ठाकूर जिंकल्या, काँग्रेसचा उमेदवार शेवटपर्यंत मैदानात होता. त्यांचं मताधिक्य २,१८,६६५. इंदूरच्या नोटाला त्याहून नऊ मतं जास्त.

गाडीत समोरच्या बर्थवर सुरतेचा एक तरुण होता, कापडाच्या व्यापारासाठी इंदूरला येणारा, मराठी समजणारा. यंदा त्याचं पहिलं लोकसभा मतदान असायला हवं होतं. सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिललाच भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. जानेवारीत स्वच्छतेचा पहिला नंबर इंदूर आणि सुरत यांना विभागून मिळाला होता, ते त्यानंच आठवण करून दिलं.

मी त्याला इंदूरचे आकडे सांगितले. तो भाजपचाच मतदार, मत त्यानं कमळालाच दिलं असतं, हे त्यानं आधीच स्पष्ट केलं. बिनविरोध झालं की मशीनच येत नाही, त्यामुळे नोटाचा प्रश्नही येत नाही. त्याच्या आजीला शाई लावून फोटो काढायची हौस होती, दर वेळी काढते. या वेळी तिनं विचारलं, आपली तारीख कधी आहे? घरच्यांनी सांगितलं, या वेळी नाही. ती म्हणाली, मग कधी?

माझ्या बोटावरची शाई फिकी झाली होती तरी दिसत होती. त्यानं ती बघायला मागितली. मग विचारलं, एक उमेदवार उरला तरी मशीन लावून 'हा की नोटा' एवढं विचारायला काय हरकत आहे? माझंही मत तेच झालं होतं. आम्ही दोघांनी रतलाम येईपर्यंत त्यावर बोलणं काढलं, आणि वरच्या बर्थवरचे एक वकील खाली उतरून, असं केल्यास कायद्यातलं कुठलं कलम बदलावं लागेल ते समजावून सांगायला लागले.